बोंडाची चौथी पाकळी

काचेच्या शिल्पात कलावंताचा श्वास कायमचा वास करतो. माणूस जातो, त्याचे शब्द विरतात, पण त्यानं फुंकलेली हवा त्या नितळ भिंतींच्या आत युगानुयुगं जपली जाते. मातीच्या, दगडाच्या वा लाकडाच्या कुठल्याही मूर्तीच्या नशिबी हे भाग्य नाही.

वरचा मजकूर माझा नाही. एका निमंत्रणपत्रिकेच्या मसुद्यात तो माझ्याकडे आला. मी सांगलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. निवृत्त झाल्यापासून लोकांची अशी समजूत आहे, की जिनं आयुष्यभर पुस्तकं सांभाळली तिला लिहिताही येत असणार. या न्यायानं बँकेच्या पहारेकऱ्याला श्रीमंत म्हणायला हवं. पण वाळूजच्या एका खासगी संस्थेनं नवं सभागृह बांधलं होतं, त्याच्या दर्शनी दालनात काचेचं भलंमोठं कापसाचं बोंड बसायचं होतं, आणि उद्घाटनाच्या दिवशी वाटायच्या पुस्तिकेत त्या बोंडावर चार पानं हवी होती.

"तुम्हाला यायची तसदी नको," संस्थेचे समन्वयक फोनवर म्हणाले. "फोटो पाठवतो. तुम्ही फक्त जरा शाश्वत असं काही लिहा."

शाश्वत लिहायचं तर निदान वस्तू तरी बघावी, म्हणून मी पौषातल्या एका थंड सकाळी बसमध्ये बसले. शाश्वताचं पुढे काय झालं ते येईलच.

गारखेडा

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. बसच्या पाटीवर 'छत्रपती संभाजीनगर' होतं, कंडक्टर नुसतंच 'संभाजीनगर' ओरडत होता, आणि माझ्या शेजारची म्हातारी 'औरंगाबादला लेकीकडं' चालली होती. आम्ही सगळे एकाच स्टँडवर उतरलो.

रिक्षावाल्यानं मला बघून आपणहून विचारलं, "वेरूळ?" मी म्हटलं, "गारखेडा." त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू मी ताजमहालासमोरच्या टपरीवर चहा पिऊन परत निघाले आहे. पुढे त्या शहरात मला भेटलेल्या प्रत्येकानं हा प्रश्न विचारला. तेव्हा आताच सांगून टाकते: मी वेरूळ बघितलं नाही. अजिंठाही नाही. दोन्ही जागा माझ्याशिवाय बरीच वर्षं टिकल्या आहेत.

बोंड करणाऱ्या बाईंचं नाव मंदाकिनी शेळके. पंचेचाळिशीच्या, उंच, दोन्ही मनगटांवर भाजल्याचे जुने डाग. त्यांनी दारातच माझी पिशवी घेतली. "या ताई," म्हणाल्या, मग जरा थांबल्या आणि मग म्हणाल्या, "बसा." जेवताना पानात बाजरीची भाकरी आली, तिच्यावर लोण्याचा गोळा आला. आमच्याकडे सांगलीत पाहुण्याला आधी विचारतात, 'आणखी वाढू का?' इथं आधी वाढतात आणि मग विचारतात. पहिल्या पद्धतीत पाहुणा उपाशी राहू शकतो.

मंदाताई दर वाक्याच्या मध्ये थांबत होत्या. मला ते विचारपूर्वक बोलणं वाटलं. चार पानांतलं एक वाक्य मी मनात तयारसुद्धा केलं: 'या कलावंताच्या बोलण्यातही एक विराम आहे.' तेवढ्यात त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही लिहिणार म्हणून सांगते. माझं फुंकणं बंद हाय."

पावसाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला होता. बऱ्या झाल्या, पण फुफ्फुसाचा एक भाग काही पहिल्यासारखा झाला नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, काच सोडा, वाढदिवसाचा फुगासुद्धा फुगवायचा नाही. तो विराम कलेचा नव्हता, धापेचा होता.

"बोंडाला चार पाकळ्या," त्या म्हणाल्या. "तीन आजाराच्या आधी झाल्या. चौथी राहिली."

"आणि संस्थेला हे माहीत आहे?"

"नाय."

त्यांचे यजमान रावसाहेब वाळूजलाच एका कारखान्यात शिफ्टवर असतात. ते भाकरी मोडता मोडता म्हणाले, "सांगू कसं? ते समन्वयक मागंच म्हणले, की वेळेत नाय झालं तर फायबरचं बसवू. मुलाम्याचा माणूस हाय त्यांच्याकडं. वरून पांढरा रंग दिला की कुणाला कळतंय."

"मला कळतंय," मंदाताई म्हणाल्या. आणि वाटी माझ्यापुढे सरकवून, "ठेचा घ्या."

वाळूज

मंदाताईंची शेड शहराबाहेर, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला आहे. त्या तरुणपणी प्रयोगशाळेची काचेची भांडी करणाऱ्या एका कारखान्यात लागल्या, त्याही पॅकिंगला. जी भांडी कागदात गुंडाळायची, ती होतात कशी हे बघायला जेवणाच्या सुट्टीत जायच्या. असं करत करत बर्नरवर बसल्या. आता स्वतःच्या शेडमध्ये कॉलेजांसाठी चंचुपात्रं आणि कंडेन्सर करतात, आणि उरलेल्या वेळात शिल्पं. शेडच्या फळीवर दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेली होती. कुठलं पोटासाठी आणि कुठलं मनासाठी, ते त्यांनी सांगितल्यावर कळलं. एक भेंडी होती, तिला मी बराच वेळ उपकरण समजत होते.

काच फुंकणं म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर एक चित्र होतं: लांब लोखंडी नळी, टोकाला लालभडक गोळा, आणि गाल फुगवलेला मिशाळ माणूस. इथं त्यातलं काहीच नव्हतं. इथं लेथ होती. काचेची जाड नळी आडवी पकडून लेथ तिला संथपणे फिरवत राहते. खालून गॅस आणि ऑक्सिजनची ज्योत. काच मऊ झाली की आत हवा सोडायची. त्यासाठी नळीच्या एका टोकाला लांब रबरी नळी जोडलेली असते आणि तिचं दुसरं टोक काम करणाऱ्याच्या तोंडात. म्हणजे हात, डोळे आणि श्वास एकाच माणसाचे. आजारानं मंदाताईंकडे हात आणि डोळे ठेवले होते. श्वास बाहेरून आणावा लागणार होता.

तो आणला होता अन्वरभाईंनी.

अन्वरभाई शहरातल्या एका ब्रास बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. साठीला आलेले, मेंदी लावलेली दाढी, पोट पुढे. काही वर्षांपूर्वी ते मंदाताईंकडे क्लॅरिनेटचं काचेचं तोंड करून घ्यायला आले होते. कुठल्याशा परदेशी वादकाचं त्यांनी बघितलं होतं. मंदाताईंनी करून दिलं. सूर असा गोड लागायचा म्हणे, की एका वरातीत नवरदेवाच्या मामाला रडू फुटलं. पुढच्या वरातीत एका नाचऱ्याचं कोपर लागलं आणि ते फुटलं. पण ओळख राहिली. मंदाताईंचं कळल्यावर ते आपणहून आले. पौषात लग्नं नसतात, बँड रिकामाच होता.

"पच्चीस साल पूरी बारात को सुनाया, मॅडम," ते मला म्हणाले. "और ये मंदाबाजी क्या बोलती? ऐसा फूको, किसीको सुनाई नक्को देना." बाजी म्हणजे ताई.

पहिल्या दिवशी त्यांनी बारात समजूनच फुंकलं होतं. काच कांद्याच्या पापुद्र्यासारखी होऊन फुटली, आणि तिचे तुकडे हवेत तरंगत खाली आले. त्यानंतर आठवडाभर त्यांनी साध्या पातळ नळ्यांवर रियाज केला. बर्नरच्या आवाजात मंदाताईंचं बोलणं ऐकू यायचं नाही आणि हात तर मोकळे नसायचेच. म्हणून त्यांनी पायाखाली एक पत्रा टाकला. पायाचा एक ठोका म्हणजे फुंक, दोन म्हणजे थांब. बँडमास्तरच्या पायाकडे बघून वाजवण्यात उभी हयात गेलेल्या माणसाला एवढं पुरे होतं.

मी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी खरी नळी लेथवर चढली. दुधी काचेची, माझ्या दंडाएवढी जाड. त्या मापाच्या दोनच उरल्या होत्या, आणि नवीन मागवली तर उद्घाटन होऊन गेल्यावर येणार होती. मला एक गुलाबी-जांभळा चष्मा दिला. तापलेल्या काचेतून पिवळाजर्द उजेड येतो, त्यात काही दिसत नाही. या चष्म्यातून पिवळा तेवढा नाहीसा होतो आणि काच स्वच्छ दिसते. असा चष्मा उद्घाटनांना वाटायला हवा.

पत्र्यावर एक ठोका पडला. अन्वरभाईंचे गाल जरासुद्धा हलले नाहीत, आणि काच फुगायला लागली. दुधाला साय धरते तशी. कधी धरली ते बघता येत नाही, धरलेली दिसते. मी श्वास रोखून उभी. रावसाहेब शिफ्टवरून थेट आले होते, तेही दारातच थबकलेले.

आणि रस्त्यावरून डीजे आला.

पौषात लग्नं होत नाहीत, पण नेते जन्माला येतात. कुणा भाऊंच्या वाढदिवसाची मिरवणूक होती. शेडचे पत्रे थरथरायला लागले. मंदाताईंचा पाय हलला नव्हता, ज्योत पुढे सरकत होती. पण पंचवीस वर्षं ठेक्यावर फुंकत आलेला माणूस ठेका सुरू झाल्यावर सपाट कसा फुंकणार? त्यांच्या नकळत त्यांचा श्वास त्या ढोलाच्या तालावर गेला. काचेवर एकामागून एक वळ्या उमटल्या, एकसारख्या, अगदी तालात.

दोन ठोके पडले. अन्वरभाईंनी नळी तोंडातून काढली आणि कपाळावर हात मारला. "बाजी, मेरेकू क्या मालूम भाऊ का बड्डे जारा!"

मंदाताईंनी ज्योत विझवली. काच निवताना आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. खरं सांगते, मला ती सुंदर वाटली. वळ्यावळ्यांची, शंखासारखी. मी तसं म्हणालेसुद्धा.

"यावर काय लिहिलं असतं तुम्ही, ताई?" मंदाताईंनी विचारलं.

"लोकजीवनाचा ठेका काचेत उमटला, असं काहीतरी."

"बघा," असं म्हणून त्यांनी ती काच लेथवरून उतरवली आणि फुटक्या काचेच्या ड्रममध्ये टाकली. "म्हणून फोडली. चुकलेलं चांगलं दिसलं, तरी ते चुकलेलंच असतंय."

अन्वरभाईंचा चेहरा पडला होता. मंदाताई त्यांना म्हणाल्या, "भाई, ताल मात्र पक्का हाय तुमचा." त्यावर ते हसले. शेवटची नळी कोपऱ्यात उभी होती आणि आम्ही सगळे तिच्याकडे न बघायची काळजी घेत होतो.

बिडकीन

दुसऱ्या दिवशी भोगी. मंदाताईंनी शेड उघडलीच नाही. "आज हात रागावलाय," म्हणाल्या, आणि मला स्कूटीवर मागे बसवून बिडकीनला आईकडे घेऊन गेल्या. पैठणच्या रस्त्यानं जाताना नव्या औद्योगिक वसाहतीचे रस्ते लागतात: रुंद, सरळ, दिव्यांच्या खांबांचे, आणि पुष्कळदा एकाही वाहनाशिवाय. त्यांच्यात कुठेतरी शेळक्यांचं नव्हे, मंदाताईंच्या माहेरचं निम्मं रान गेलेलं आहे. उरलेल्या निम्म्यात कापूस उभा होता.

कौसल्याबाई, म्हणजे मंदाताईंच्या आई, ओटी बांधून वेचत होत्या. थांबल्या नाहीत. वेचता वेचताच त्यांनी माझी चौकशी केली: गाव कोणतं, मुलं किती, वेरूळ बघितलं का.

"लेकीनं केलेलं बोंड बघितलंत का?" मी विचारलं.

"फोटोत दावलं. म्हटलं, एवढालं बोंड आलं तर एकाच बोंडात गादी भरंल." मग लेकीकडे बघून, "लहानपनी बी ही अशीच. समद्या बाया येचायच्या, ही एका झाडापुढं उभी. कापसाकडं बघत कोन बसतं, बाई? पाठ मोडती."

"लई मार खाल्लाय त्याच्यापायी," मंदाताई म्हणाल्या आणि आताही एका झाडापुढे उभ्या राहिल्या.

मग मला काय बघायचं ते दाखवलं. बोंड उमललं, की पहिले काही दिवस पाकळ्या टरटरीत असतात, फुगलेल्या. सगळे चित्रकार तेच काढतात. पाठ्यपुस्तकात आणि खताच्या पोत्यावर तेच असतं. पण वेचायच्या आधी त्यांतली एखादी पाकळी सैल पडते आणि खाली उतरते, झोपलेल्या पोराचा हात खाटेवरून लोंबतो तशी.

"माझी चौथी ही," त्या म्हणाल्या. "आधीच्या तीन फुगलेल्या. ही लोंबती पायजे. फुंकून गोळा झाला की मी लेथवरनं काढते, ज्योतीत धरते, आन् फिरवायचं थांबवते. मऊ काच फिरवायची थांबवली की पडायला लागते. आकार तिचा तिलाच येतो. मी फक्त कुठं अडवायची ते बघते. आन् ती पडताना आतनं जरासा श्वास लागतो. नाय तर चपटी होते."

"जरासा म्हणजे किती?"

"तेच तर," त्या म्हणाल्या. "मला म्हाईत होतं. आता दुसऱ्याला सांगायचं कसं?"

या बाईंना फायबरच्या बोंडाची भीती नव्हती, हे मला त्या वावरात कळलं. जी गोष्ट आपल्या अंगात होती, ती अंगाबाहेर नेऊन पुन्हा जुळवता येते का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. नाही आली, तर पुढची सगळी वर्षं कंडेन्सर.

दुपारी कौसल्याबाईंनी भोगीची भाजी आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी वाढल्या. आमच्याकडच्या भोगीत भाज्या असतात आणि त्यांना कूट लावतात. इथं शेंगदाण्याचं आणि तिळाचं कूट असतं आणि त्यात भाज्या पाहुण्यासारख्या येऊन जातात. मी तीन भाकरी खाल्ल्या. निघताना मंदाताई म्हणाल्या, की संक्रांतीचा दिवस जाऊ दे, परवा शेवटची नळी चढवते.

"परवा किंक्रांत," कौसल्याबाई म्हणाल्या. "किंक्रांतीला नवं काम करत्यात व्हय?"

"नवं कुठंय, आई? चौथं हाय."

पुन्हा वाळूज

किंक्रांतीच्या सकाळी अन्वरभाई आधीच येऊन शेडसमोर उभे होते. त्यांनी कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत जाऊन आज कुणाचा वाढदिवस आहे का, याची चौकशी करून ठेवली होती. नव्हता. हातात नान आणि मटणाच्या रश्शाचा, म्हणजे खलियाचा, मोठा डबा होता. "पहले काम, फिर खलिया," म्हणाले.

मंदाताईंनी त्यांना जवळ बसवलं. परवापासून त्या काहीतरी शोधत होत्या, आणि ते त्यांना सापडलेलं दिसत होतं.

"भाई, सनई-चौघड्यात सूर धरून बसतो तो माणूस असतो ना? मुख्य वाजवणारा न्हवं, दुसरा."

"हौ. सूरवाला."

"त्यो काय करतो?"

"कुछ नई करता. बस सूर छोडता नई."

"आज तुम्ही त्यो."

अन्वरभाई आयुष्यभर पुढे उभे राहून वाजवत आलेले गृहस्थ. "मतलब मैं बजाताच नई," ते म्हणाले. "बाजी बजाती." आणि रबरी नळी पुसून तोंडात धरली.

पुढचं मी नीट सांगू शकेन की नाही, शंका आहे. ठोका पडला, काच फुगली, गोळा झाला, ठोके पडले, काच थांबली. मंदाताईंनी ती रबरी नळीसकट लेथवरून उतरवून हातात घेतली, ज्योतीत धरली, फिरवत राहिल्या, राहिल्या, आणि मग मनगटं स्थिर केली. काच सुस्तावली. खाली यायला लागली. पत्र्यावर ठोका पडला नाही; पायाचं नुसतं बोट टेकलं. अन्वरभाईंनी ते बघितलं. त्यांनी फुंकलं असं म्हणता येणार नाही, त्यांनी फक्त सोडलं नाही. पाकळी उतरत उतरत आली आणि एका जागी, जिथं परवा वावरात खरी थांबलेली मी बघितली होती तिथं, थांबली.

दोन ठोके.

मंदाताईंनी ती पाकळी सावकाश निवावी म्हणून भट्टीत ठेवली, दार लावलं आणि भिंतीला टेकून श्वास घेत राहिल्या. मग अन्वरभाई म्हणाले, "अब खलिया?"

नान पिवळसर होता, वरून हळदीचा हात फिरवलेला. हळदीच्या गावच्या बाईचं याहून आपुलकीचं स्वागत कुणी काय करणार? आम्ही शेडच्या दारात बसून खाल्लं. मंदाताईंच्या डब्यात तिळाच्या पोळ्या होत्या. अन्वरभाईंनी त्या खलियात बुडवून खाल्ल्या, आणि हे चांगलं लागतं असं आम्हा दोघींना पटवून द्यायचा प्रयत्न केला. मला पटलं.

जेवणानंतर मंदाताईंनी माझ्या हातात एका पातळ नळीचं टोक दिलं. "फुंका, ताई. लिहिणार ना तुम्ही?" मी फुंकलं. एका बाजूला फुगवटा, दुसऱ्या बाजूला खळगा, आणि मध्ये एक गाठ. अन्वरभाईंनी ते उजेडात धरून गंभीरपणे तपासलं.

"बोंडच है, मॅडम," ते म्हणाले. "बस, आळी लगेली है."

दुसऱ्या दिवशी पाकळी निवून भट्टीबाहेर आली. मंदाताईंनी ती ताण बघायच्या पेटीत धरली. या पेटीतल्या दोन काळसर काचांमध्ये वस्तू धरली, की तिच्यात जिथं ताण राहिला असेल तिथं इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात. रंग दिसले तर काच आज ना उद्या तडकणार. चौथ्या पाकळीत एकही रंग नव्हता. मी पेटीत अन्वरभाईंचा हात धरून बघितला, त्यातही नव्हता.

मग मंदाताईंनी बारीक ज्योतीनं पाकळीच्या पाठीचा एक ठिपका मऊ केला आणि लाल तापवलेल्या सुईनं तिथं टाचणीएवढं भोक पाडलं.

"हे काय केलंत?"

"आता देठाला जोडायची तर बूड पुन्हा तापवावं लागणार. आतली हवा तापून फुगते. तिला वाट नाय ठेवली तर जोड फाडून भाईर येते. चारींना भोक हाय."

"मग श्वास?"

"कुठला?"

"आतला. कलावंताचा. कायमचा वास करणारा."

"त्यो गेला की, ताई. रबरी नळी काढली तेव्हाच निम्मा गेला, उरलेला आता."

"मेरा तो रोज जाता," अन्वरभाई म्हणाले.

संध्याकाळी, पाकळी जोडून झाल्यावर, समन्वयक आले, बोंड बघायला. चारही पाकळ्या देठावर बसलेल्या, चौथी किंचित लोंबलेली. त्यांनी हात जोडले. "भूमी, जल, वायू आणि श्रम," म्हणाले. चार पाकळ्यांसाठी हे त्यांनी घरूनच आणलं असावं.

मंदाताईंनी त्यांना तिथंच, उभ्या उभ्या, सगळं सांगितलं. आजार, फुंकणं, अन्वरभाई. "पाटीवर त्यांचं नाव पायजे," म्हणाल्या.

समन्वयकांनी अन्वरभाईंकडे बघून नमस्कार केला आणि मंदाताईंकडे वळून म्हणाले, "ही तशी अंतर्गत बाब झाली. शिवाय ग्रॅनाइट कोरून झालंय."

"माझ्या नावाखाली जागा हाय की."

"ती जागा सौंदर्यदृष्टीनं मोकळी सोडलेली आहे."

"बाजी, रहने दो," अन्वरभाई म्हणाले. "बँडवाले का नाम पत्थर पे कायकू?"

"फुंकायला कुणीबी फुंकतंय," मंदाताई म्हणाल्या. "कधी थांबायचं ते मी सांगितलं. पण थांबला कोन? तुम्ही."

उद्घाटन

बोंड दालनात मागच्या भिंतीसमोर, काळ्या चौथऱ्यावर बसलं, आणि कार्यक्रमही तिथंच मांडला. मी आयुष्यात बरीच उद्घाटनं बघितली आहेत आणि एकाही वस्तूला त्यातून काही फायदा झालेला पाहिलेला नाही. पण त्या दिवशी पडदा सरकला आणि ती चौथी पाकळी उजेडात आली, तेव्हा पुढच्या रांगेतल्या कौसल्याबाई, कापसाकडं बघत न बसणाऱ्या, उठून उभ्या राहिल्या. पाहुण्यांचं स्वागत करायचं असेल असं वाटून त्यांच्या मागची सगळी रांग उभी राहिली. त्या मात्र पाकळीकडे बघत होत्या. खाली बसताना त्यांनी पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, "हे उद्याच्याला येचाय झालं."

प्रमुख पाहुण्यांच्या स्वागताला संस्थेनं बँड सांगितला होता. कोणता, ते दारातून आत येताना कळलं. लाल कोट, सोनेरी झालर, डोक्यावर तुरा, आणि मेंदीची दाढी.

भाषणं झाली. भूमी, जल, वायू आणि श्रम झाले. शेवटी मंदाताईंना माइक दिला. त्या माइकपुढे थांबल्या, आणि त्या विरामाला लोकांनी आदरानं शांतता दिली.

"तीन पाकळ्या मी फुंकल्या," त्या म्हणाल्या. "चौथीच्या वेळी माझा श्वास नव्हता. ती अन्वरभाईंनी फुंकली. ते तिथं उभे हायेत."

दालनातल्या सगळ्या माना दाराकडे वळल्या. टाळ्या सुरू झाल्या. अन्वरभाई पार गोंधळले. टाळ्या वाजल्या की वाजवायचं, एवढंच पंचवीस वर्षांत शिकलेले. त्यांनी क्लॅरिनेट उचललं, मागचा ढोल सुरू झाला, आणि वरातीचं एक फर्मास गाणं दालनात घुमलं. प्रमुख पाहुण्यांनी ताल धरला. समन्वयकांनी कार्यक्रमपत्रिका उलटसुलट करून बघितली. मंदाताई माइकसमोर उभ्या राहून हसत होत्या, आणि मधूनमधून, त्यांच्याही नकळत, त्यांचा पाय व्यासपीठावर ठोके देत होता.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. कौसल्याबाईंनी तिळाच्या पोळ्या दिल्या, अन्वरभाईंनी स्टँडवर येऊन नानचं पुडकं खिडकीतून आत टाकलं, आणि मंदाताईंनी माझं आळी लागलेलं बोंड कापसात गुंडाळून दिलं. ते सांगलीला धडधाकट पोचलं. मी त्यात टाचण्या ठेवते. इतकं भरभरून मला कुठल्याही गावानं दिलेलं नाही, आणि मी त्या गावाला दिलं काय, तर चार पानं. ती पुस्तिकेत जशीच्या तशी छापून आली. दुसऱ्या पानावर अन्वरभाईंचं नाव आहे. समन्वयकांनी ते काढलं नाही, कारण त्यांनी ती पानं वाचली नव्हती.

सभागृहात गेलात तर चौथऱ्याखालचं काळं ग्रॅनाइट जरूर बघा. त्यावर सोनेरी अक्षरांत कोरलं आहे: 'या काचेत कलावंताचा श्वास कायमचा वास करतो.' भोकं मागच्या बाजूला, भिंतीकडे आहेत.